मथळ्यातला ‘चमत्कार’ खटकला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या सेंट पीटर्स विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची बातमी आपल्या क्रीडा पानावर वाचली. विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत केंटकीला हरवलं, पर्ड्यूला हरवलं, आपल्या विभागातल्या सोळा संघांत पंधरावं मानांकन असूनही अखेरच्या आठांत पोचले. असं पूर्वी कुठल्याच संघाला जमलं नव्हतं, हे खरं. पण मथळ्यात ‘चमत्कार’ हा शब्द होता आणि तो मला फार लागला.

मी जर्सी सिटीत राहते. केनेडी बुलेव्हार्डवरचं त्यांचं छोटंसं कोर्ट माझ्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर. या हंगामात मुलाला घेऊन तिथे सात सामने पाहिले, बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत. संघाचं चिन्ह मोर आहे, म्हणून मुलगा पहिल्यांदा आला. नंतर तो एनडेफोचा बचाव बघायला येऊ लागला. केसी एनडेफो सलग तिसऱ्या वर्षी त्यांच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे विद्यापीठ संघांच्या गटाचा, सर्वोत्तम बचावपटू ठरला आहे. त्याच्यासमोर बास्केटखाली शिरलेला खेळाडू चेंडू घेऊन परत फिरतो, हे मी कितीदा तरी पाहिलं.

सेंट पीटर्सच्या या मेट्रो अटलांटिक कॉन्फरन्समध्ये 2021-22 च्या हंगामात 11 संघ होते. प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे 20 सामने. एवढं खेळूनही अव्वल संघाला राष्ट्रीय स्पर्धेची खात्री नसते. ती जागा कॉन्फरन्सची मार्चमधली बाद फेरी जिंकणाऱ्याला मिळते. यंदा 17 विजय मिळवून आयोना पहिला होता, पण उपांत्यपूर्व फेरीतच रायडरकडून हरला. सेंट पीटर्सने 14 जिंकले, 6 गमावले, तेही कोविडमुळे जवळपास महिनाभर खेळ बंद पडल्यावर. प्रशिक्षक शाहीन हॉलोवे नऊ-दहा जणांना आलटूनपालटून उतरवायचे. त्यामुळे समोरचे पाच दमायचे तेव्हा यांचे पाय ताजे असायचे. डग एडर्टसारखा मुलगा तर राखीव म्हणून यायचा आणि सामना फिरवून जायचा. केंटकीविरुद्ध 20 गुण करून गाजला तो हाच.

12 मार्चला अटलांटिक सिटीत कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात मॉनमथला 60-54 असं रोखलं आणि पाचच दिवसांनी राष्ट्रीय स्पर्धेत जादा वेळेत केंटकीला 85-79 असं हरवलं. पुढे मरे स्टेट 60 वर अडकला, पर्ड्यू 64 वर. खेळ तोच होता, जो आम्ही फेब्रुवारीत अर्ध्या रिकाम्या बाकांवरून पाहत होतो. नॉर्थ कॅरोलिनाकडून हरले, त्या दिवशी नेमच लागेना. मुलगा रात्री जेवला नाही.

हॉलोवे आता सीटन हॉल विद्यापीठाच्या संघाकडे गेले. नवा संघ उभा राहायला वेळ लागेल, कदाचित पुढच्या वर्षी बातमी होण्यासारखं काही घडणारही नाही. तरी विनंती आहे, जानेवारीपासून अशा लहान कॉन्फरन्सचा गुणतक्ता आठवड्यातून एकदा छापा. पानाच्या कोपऱ्यातली छोटी चौकटसुद्धा पुरे.

आपली एक वाचक,
जर्सी सिटी, एप्रिल 2022