मास्क काढायला तुम्हीच लावला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत आमच्या शेडवर अख्खं पान आलं त्याबद्दल आधी आभार मानतो. फोटो मोठा आहे, रंगीत आहे, बायकोनं पान कापून ठेवलंय, पाहुण्यांचे फोन अजून थांबले नाहीत. मथळ्यात टाकीचे घाव आणि देवपण आलंय ते यायचंच होतं, ती म्हण नसती तर पाथरवटांवर लेख कसा लिहिला असता देव जाणे. असो. भांडण मथळ्याशी नाही, फोटोशी आहे.

तुमचा वार्ताहर मुलगा चांगला होता, चहा घेतला, मन लावून ऐकलं. पण बरोबरचे फोटोग्राफर साहेब आले तसं म्हणाले, काका तो ग्राइंडर बाजूला घ्या, वायर दिसतीय. घेतला. मग म्हणाले छिन्नी हातोडा हातात धरा. धरला, आणि नंदीच्या वशिंडावर टेकवला, जिथं छिन्नीचं काम कधीच संपून पॉलिश पेपर मारून झालेला, आता तिथं एक घाव बसला असता तर तो नंदी देवळात नाही माझ्याच दारात बसला असता कायमचा. तरी म्हणलं फोटोपुरतं चालतंय. मग पोराला सांगून खालची पावडर मूठभर हवेत उडवली, उन्हाच्या तिरपीत छान दिसते म्हणे. आणि मग, मास्क काढा, चेहरा येत नाही. मी म्हणलं राहू दे तो, मी शेडमधे काढत नाही. तर म्हणाले दोनच मिनिटं हो काका. काढला. खाली तुम्ही छापलंय 'धुळीत न्हालेला तपस्वी'. अहो साहेब, ती धूळ तुमच्याच माणसानं उडवायला लावली!

आता सोमवारची गोष्ट. शेडमधे गावातलं एक पोरगं शिकायला आहे, हात चांगला आहे पण मास्क म्हणलं की अंगावर काटा, गुदमरतंय, गरम होतंय, चष्म्यावर वाफ येते. रोज ओरडून ओरडून आता कुठं घालायला लागलं होतं. सोमवारी उघड्या तोंडानं ग्राइंडर लावून बसलं. म्हणलं मास्क कुठाय रे? तर म्हणतं, "मामा, तुम्ही पेपरात काढलाय की." काय बोलणार त्याला?

मी एवढा का चिडलोय ते सांगतो. आमचे थोरले चुलते बरीच वर्षं गुजरातेत लाल दगडाच्या देवळांच्या कामाला होते. परत आले ते खोकतच. टीबी म्हणून औषधाचा कोर्स झाला, गुण नाही, परत कोर्स झाला. शेवटी एका डॉक्टरनं एक्स-रे उजेडाकडं धरला आणि विचारलं, हे काम काय करतात? तोपर्यंत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. शेवटी शेवटी त्यांना आडवं झोपताच यायचं नाही, भिंतीला उशी लावून बसून रात्र काढायचे. त्याला सिलिकोसिस म्हणतात, फुप्फुसात बसलेली ती दगडाची पूड परत निघत नाही, औषध नाही.

लेखात वेरूळच्या कैलास लेण्याचा वारसाही आम्हाला देऊन टाकलाय. मोठेपणा झाला. पण आठव्या शतकात ते वरून खाली कोरत आणलं ते हाताच्या टाकीनं. टाकीनं बऱ्याचशा कपच्या उडतात आणि पायाशी पडतात. ग्राइंडरचं तसं नाही, चार इंची ब्लेड मिनिटाला ११ हजार फेरे घेतं, त्यानं दगडाचं पीठ होतं, आणि त्यातलं जे डोळ्याला दिसतंय ते कमी वाईट, जे दिसत नाही ते आत खोल जातं. तोंडाला गमछा बांधून ते अडत नाही. पाणी सोडून कापलं तर धूळ बसते, पण हातात लाईटवरचं मशीन आणि वरून पाणी, शॉक कोण घेणार, म्हणून सगळे कोरडंच कापतात. ग्राइंडर सोडून द्या म्हणायला सोपं आहे. आधी दगड वाजवून बघायचा, खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत कुठंतरी चीर आहे, मग गेरूनं आखायचं, मग जवळ जवळ चरे पाडून मधल्या पाकळ्या हातोडीनं उडवायच्या, हे चरे हातानं पाडत बसलो तर महाशिवरात्रीला मागितलेला नंदी पुढच्या महाशिवरात्रीला मिळंल. ट्रस्टी थांबतात होय?

आमचा काळा पाषाण त्यातल्या त्यात बरा, ज्याच्या धुळीनं हा आजार होतो तो सिलिका त्यात कमी. वाळूच्या दगडात भरपूर, ग्रॅनाइटमधेही बराच. आणि आता आपल्याकडं देऊळ म्हणलं की राजस्थानचा लाल दगडच, म्हणजे वाळूचाच, पाहिजे सगळ्यांना. तिकडं सिरोही जिल्ह्यात पिंडवाडा आहे, देशभरच्या देवळांचे खांब नि कमानी तिथं कोरून ट्रकनं जातात, तिथल्या कारागिरांत हा आजार किती पसरलाय यावर लिहून आलेलं आहे. राजस्थान सरकारनं २०१९ ला धोरण आणलं, आजाराचं सर्टिफिकेट मिळालं की ३ लाख, माणूस गेला की घरच्यांना २ लाख. पैशानं श्वास येत नाही, पण निदान आजार आहे हे तरी मानलं. कागदावर १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमधेच हा आजार नोंदलेला, पण चार माणसांचं पत्र्याचं शेड कारखाना धरत नाहीत, त्यामुळं आमच्याकडं तपासायला कुणी येत नाही. आले ते तुमचे फोटोग्राफर.

हे सगळं मी वार्ताहराला सांगितलेलं, त्यानं वहीत लिहूनही घेतलं. छापताना कुठं गेलं? 'दगडाशी त्यांचा अबोल संवाद चालतो' याला मात्र जागा होती. ग्राइंडर चालू असताना शेजारच्याचं ऐकू येत नाही, दगडाचं काय येणार.

सोबत माझा दुसरा फोटो पाठवतोय, पोरानंच मोबाईलवर काढलाय, मास्क, गॉगल, ग्राइंडर, वायर सगळं आहे त्यात. चेहरा दिसत नाही. तो छापा, एवढ्या मोठ्या साईजचा नको, पण पोराला दाखवता येईल एवढा तरी.

आपला,
एक पाथरवट (तुमच्या मते तपस्वी)

ता.क. त्याच पानावर खाली फायबरच्या मूर्तींची जाहिरात होती, 'हुबेहूब दगडासारख्या, वजनाला हलक्या, घरपोच'. जाहिरात घ्या, पोट तुम्हालाही आहे, पण त्याच पानावर? आणि शब्दकोड्याचं उत्तर पुढच्या रविवारी म्हणता ते गेले दोन रविवार आलेलं नाही, वडील माझ्यावरच ओरडतायत.