काकू, रात्री दहाचं आधण बंद झालं

ती. काकू,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं, दार लाव, डास येतात" म्हणता आणि चालू लागता. आता नातवासाठी तुम्ही सहा महिने स्टुटगार्टला आहात, म्हणून मनातलं सगळं लिहून टाकते. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं ठेवलंय, कारण तुम्ही मला विचारलेला प्रश्न आणखीही कुणाला तरी विचारला जायला हवा.

"गोळी कशाबरोबर घेतेस?"

मागच्या जूनमध्ये माझं हिमोग्लोबिन ९.२ होतं. बायकांचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. दोन महिने लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या आणि पुन्हा रक्त तपासलं, तर ९.५. लक्ष्मी रोडला ऑफिसचा जिना चढताना मधल्या वळणावर कठडा धरून थांबावं लागायचं. तो रिपोर्ट घेऊन मी सोसायटीच्या बाकावर बसले होते, तेव्हा तुम्ही चष्मा चढवून तो वाचलात. तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलेल्या तुमचा तो एकच प्रश्न. मी म्हटलं, "पोह्यांबरोबर. चहा असतोच तेव्हा."

मग बाकावरच तुम्ही मला नीट समजावलंत. चहातलं टॅनिन आतड्यात लोहाला धरून ठेवतं, ते रक्तात पोचूच देत नाही. आपण शाकाहारी, आपलं सगळं लोह पालेभाजी-कडधान्यांतलं, आणि चहाचा फटका बसतो तो याच लोहाला जास्त. दुधातलं कॅल्शियमही आड येतं. दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहार-मार्गदर्शिका फोनवर उघडून दाखवलीत: जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी नको. डॉक्टरांनी गोळ्या योग्यच दिल्या होत्या. पण चहाचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चहा ही डॉक्टरांना सांगायची गोष्ट असते, हेच मला ठाऊक नव्हतं.

"चहा सोड" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. काकू, याबद्दल मी तुमची फार ऋणी आहे. आलं ठेचून घातलेला पहिला चहा माझ्याकडून काढून घेतला असता, तर मी चार दिवसांत तुम्हाला टाळायला लागले असते. तुम्ही फक्त वेळा हलवल्यात. उठल्याउठल्या साडेसहाला चहा, पोहे आठला आणि वर लिंबू. गोळी अकराला, लिंबूपाण्याबरोबर. अमृततुल्यचा चहा डब्याला चिकटून नको, साडेचारला. पाचांचे दोन कप करायचे, पण आठवड्याला एकेक कमी करत. मी घाईने दोन एकदम बंद केले, तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. कॅफिन तुटलं की असं होतं, आठवडाभरात थांबेल, म्हणालात. तसंच झालं.

राहिला रात्री दहाचा.

आईला साडेदहाला औषध द्यायचं असायचं. तोवर झोप लागू नये म्हणून मी आधण ठेवायची. आई गेली, औषध थांबलं, आधण तसंच राहिलं. दीड वर्ष मी रोज दहाला ओट्यापाशी एकटी उभी राहून चहा पीत होते. समोरच्या विंगमधून माझ्या स्वयंपाकघराचा दिवा तुम्हाला दिसत होता, हे मला कुठे माहीत! एका रात्री पावणेदहाला बेल वाजली. तुम्ही दारात, काखेत कापडी सारीपाट आणि हातात कवड्यांची पिशवी. "आईचा पट आहे, घडीत पडून विरायला लागलाय. मांडू या का?" चहाचा शब्दही काढला नाहीत.

दोघींचा खेळ महिनाभर चालला. मग मुलाने जर्मनीहून पाठवलेली कॅटन या पटावरच्या खेळाची पेटी आणलीत. तिला निदान तिघं लागतात, म्हणून आधी सी विंगमधल्या बाई आल्या आणि मग माझी कॉलेजची मैत्रीणही दर गुरुवारी डहाणूकर कॉलनीत यायला लागली. नियम जर्मनमध्ये होते. तुम्ही मुलाला फोन करून ते एका वहीत मराठीत उतरवलेत: एकोणीस षटकोनी तुकडे, लाकूड, विटा, लोकर, गहू, खनिज, आणि आधी दहा गुण होतील तो जिंकला. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी सहा जोड्यांची बेरीज सात होते, म्हणजे सातच सगळ्यांत जास्त वेळा पडतो, आणि सात पडला की खेळातला चोर हलतो, हेही त्यात लिहिलंत. हा खेळ करणारे क्लाउस टॉयबर दातांच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होते आणि कामावरून आल्यावर तळघरात बसून खेळ रचायचे. हे सांगताना तुमचा चेहरा किती खुलला होता! "आपल्याच लाइनीतला माणूस," म्हणालात.

एका विटेसाठी बाईंशी मंडईतल्यासारखी घासाघीस करताना दहा कधी वाजून जायचे, कळायचं नाही. तुम्ही आणलेला गवती चहा आणि आल्याचा बिनपत्तीचा काढा थर्मासमध्ये असायचा. सप्टेंबरातल्या एका गुरुवारी सगळ्या गेल्यावर मी ओट्यापाशी आले, सव्वाअकरा झाले होते, आणि चहाचं पातेलं घासून पालथं घातलेलं तसंच होतं. मी तिथेच उभी राहून खूप रडले. हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. आईसाठी इतकं मोकळेपणाने मी तोवर रडलेच नव्हते.

नोव्हेंबरात हिमोग्लोबिन ११.९ आलं. जिन्याच्या वळणावर आता थांबत नाही.

तुम्ही गेल्यापासून आम्ही तिघीच असतो. तुमची वही पटाशेजारी असते आणि भांडण झालं की त्यातलं अक्षर शेवटचं मानतो. लाल, पांढरा, नारिंगी हे सोंगट्यांचे रंग आमच्यात वाटून घेतो. निळी घरं पिशवीत बांधून तुमच्यासाठी ठेवली आहेत.

तुमची,
समोरच्या विंगमधली