मिक्सरमागच्या मुलास

प्रिय मुला,

तुझं नाव मला माहीत नाही. तू सांगितलं होतंस, पण तेव्हा मागे ड्रमची तपासणी चालली होती आणि मला फक्त तुझे ओठ हललेले दिसले. पहिलं अक्षर ‘म’ की ‘प’ कळेना, ओठांवर दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. डिसेंबरात, इंदूरच्या बायपासजवळच्या लॉनवर, गाण्याच्या कार्यक्रमात राखाडी स्वेटर घालून आवाजाच्या मिक्सरमागे उभा असलेला मुलगा तो तूच. तुझ्या ओळखीचं कुणी वाचलं तर तुला सांगेल.

मी इंदूरच्या राजेंद्रनगरची. लता मंगेशकर १९२९ साली इंदुरातच जन्मल्या, हे आमच्या घरी जणू नात्यातलं कुणी असल्यासारखं सांगितलं जायचं, आणि बाबा रात्री अमीर खाँसाहेबांची टेप लावून अंधारात बसायचे. अशा घरातल्या माणसाचे कान चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. आधी स, श, च, त ही अक्षरं गेली. मग दोन्ही कानांत मशीन आली. ती बसवून घरी आल्यावर हौसेनं एक जुनं गाणं लावलं, तर चाळीस व्हायोलिनांचा नुसता लगदा ऐकू आला. बासरीचा लांब सूर थरथरत होता. ही मशीन बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली. हळू आवाज ती उचलते, मोठा दाबते, आणि एकसारखा लांबलेला सूर म्हणजे आपलीच शिट्टी वाजते आहे असं समजून तो कापायला जाते. हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं की गाणं संपलं. सहा वर्षं मी घरात गाणं लावलं नाही.

मग एका दिवाळीत भाचीनं टीव्हीवर एक व्हिडिओ लावला. फाइस्ट नावाची कॅनडाची गायिका, २००७ सालचं ‘१२३४’. निळा चमचमता पोशाख घातलेली ती एकटी, मग तिच्यामागून रंगीबेरंगी कपड्यांतली माणसं निघतात, निघतच राहतात, तिला उचलून घेतात, आणि हे सगळं एका सलग शॉटमध्ये. खाली शब्द लिहून येत होते. तिच्या तोंडापुढे माइक नव्हता. मी शब्द वाचले, ओठ पाहिले, आणि कानात जे थोडंथोडकं येत होतं ते त्यात बसवलं. गाणं जुळलं! भाचीला वाटलं मला काही होतंय, इतकी मी रडले.

त्यानंतर आम्ही दोघींनी किती व्हिडिओ पाहिले असतील! ओके गो या अमेरिकन बँडचा २००६ सालचा, आठ ट्रेडमिलवरचा, तर मला पाठ आहे. चौघं जण त्या सरकत्या पट्ट्यांवर नाचतात, कॅमेरा जागचा हलत नाही, आणि ताल डोळ्यांना दिसतो. नाच बसवला होता गायकाच्या बहिणीनं, ट्रिश सीनं. आपल्याकडच्या प्रतीक कुहाड या गायकाच्या ‘कोल्ड/मेस’मध्ये जिम सर्भ आणि झोया हुसेन हे कलाकार नुसत्या चेहऱ्यांनी सगळं सांगतात. कोचीच्या ‘व्हेन चाय मेट टोस्ट’ या बँडचा बँजो मला सुटा ऐकू येतो, अगदी टिपऱ्यांसारखा. इंडी पॉप, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर राहून गाणाऱ्यांचं हे संगीत, माझ्या कानांना का मानवलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक गिटार, माइकजवळ हळूच गाणारा एक आवाज, आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. माझ्या कानांना ती जागा लागते.

पण प्रत्यक्ष कार्यक्रमाला जायची हिंमत होत नव्हती. पूर्वी एकदा एका सभागृहात मी पुढची खुर्ची मागितली, तर ‘घरी टीव्हीवर बघा ना’ असं उत्तर मिळालं होतं. त्या डिसेंबरच्या रात्री भाचीनं ओढून नेलं आणि पहिल्या दहा मिनिटांत मला कळलं की आपण चुकलो. पुढे उभी राहिले तर बेसच्या मोठ्या स्पीकरांचा धक्का छातीत बसे आणि त्याखाली शब्द बुडून जात. मागे गेले तर आणखी वेगळंच. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे पस्तीस मीटरवर तो सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो. गिटारवरचा हात खाली आलेला असतो आणि सूर नंतर येतो. ओठ वाचावेत तर तोंडापुढे माइक. व्हिडिओनं दिलेलं सगळं तिथे एका झटक्यात गेलं. मी फाटकाकडे निघाले होते.

तू मला अडवलंस. भाचीशी चाललेलं माझं बोलणं ऐकून म्हणालास, ‘काकू, मराठी का? मशीनमध्ये टी-कॉइल आहे का हो, चुंबकी लहर पकडणारी? माझ्या आजोबांच्या आहे.’ मला ऐकू आलं नाही तेव्हा तू ते मोबाइलवर लिहून दाखवलंस. टीव्हीसाठी म्हणून घेतलेली, गळ्यात घालायची तारेची माळ पर्समध्ये तळाशी पडलेली होती. ती पाहून तुझा चेहरा काय उजळला! गायक स्वतःचा आवाज ऐकायला कानात घालतात त्या मॉनिटरचा एक जादा बिनतारी पॅक तू काढलास, त्यात दोन नवे सेल घातलेस, माळेची पिन लावलीस, आणि मिक्सरवरून एक वेगळी लाइन माझ्यासाठी सोडलीस. आवाज आणि गिटार जास्त, ड्रम नावाला. तारेतून चुंबकी लहर निघते, मशीनमधली कॉइल ती पकडते, आणि मशीनचा बाहेरचा माइक बंद राहतो. गर्दी, शिट्ट्या, स्पीकर, सगळं गेलं.

आणि स्टेजवरची ती गायिका माझ्या कानात गायला लागली.

तारेवरून बोट सरकताना होणारी चिर्र ऐकू आली. ओळीआधी तिनं घेतलेला श्वास ऐकू आला. रेडिओलहरीला उशीर होत नाही, त्यामुळे हात आणि सूर बरोबर एका क्षणी पडत होते. दुसऱ्या गाण्यात तू गिटार थोडी वाढवलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि अंगठा वर करून विचारलंस. मी मान डोलावली. मधेच ती एक शब्द विसरून हसली आणि सगळं लॉन हसलं, तेव्हा मीसुद्धा त्याच क्षणी हसले. माझं हसू नेहमी इतरांचं पाहून, मागून येतं. त्या रात्री ते वेळेवर आलं.

तुझा डोळा आवाजाच्या मीटरवरही होता, ते मी पाहत होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपर्यंतच ठेवा असं सांगितलं आहे. तिथे नाचणाऱ्या दोनेकशे पोरांचे कान तू जपत होतास आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मला आहे. कान गेल्यावर काय होतं ते मला माहीत आहे.

कार्यक्रम करणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, तुमच्याकडे एखादा पॅक पडून असतो. तिकिटासोबत नुसतं विचारा, कुणाला हवा आहे का.

नंतर आम्ही सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, तळलेला गराडू कंद खायला गेलो आणि भाची म्हणाली, तू त्या मुलाला थँक्यू म्हणालीसच नाहीस. खरं आहे. मी पॅक परत दिला तेव्हा तू केबल गुंडाळत होतास आणि माझा गळा भरून आला होता. राजेंद्रनगरला ये. साबुदाण्याची खिचडी करीन, आणि आजोबांना घेऊन ये. त्यांनाही ‘१२३४’ दाखवायचं आहे.

तुझी,
माळवाली काकू