बंदुका कोणाच्या काढल्या आणि कोणाकडे ठेवल्या?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेत एखाद्या शाळेत किंवा बाजारात बेछूट गोळीबार झाला, की दोन-चार दिवसांत शस्त्रनियंत्रणाचा वाद नव्याने पेटतो आणि त्या वादात कोणीतरी हिटलरला साक्षीला उभे करतोच. ‘हिटलरने आधी जनतेच्या बंदुका काढून घेतल्या, मग हवे ते केले’ हे वाक्य आता मराठी लेखांतही शहानिशा न करता येऊ लागले आहे. त्याच्या जोडीला हिटलरच्या तोंडी घातलेले एक अवतरणही फिरत असते, ज्यात तो १९३५ साली एका सुसंस्कृत राष्ट्रात सर्व बंदुकांची नोंदणी प्रथमच पूर्ण झाल्याचा आनंद व्यक्त करतो. हे उद्गार त्याच्या कोणत्याही भाषणात सापडलेले नाहीत आणि त्या वर्षी जर्मनीत असा कायदाही झाला नव्हता. पण अवतरण खोटे निघाले म्हणून मूळ प्रश्न निकालात निघत नाही. हुकूमशहा शस्त्रांच्या कायद्याचे नेमके काय करतात, हा तो प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर दोन्ही पक्ष समजतात त्याहून गुंतागुंतीचे आहे.

जर्मनीतील निर्बंधांची सुरुवात हिटलरपासून होत नाही. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर लाखो सैनिक रायफली घेऊनच घरी परतले होते आणि रस्त्यारस्त्यांवर डाव्या-उजव्या टोळ्यांच्या चकमकी सुरू होत्या. अशा वेळी, १३ जानेवारी १९१९ रोजी, सर्व बंदुका ताबडतोब सरकारजमा करण्याचा आदेश निघाला. तो मोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख मार्कांपर्यंत दंड होता. १९२० मध्ये जनतेला निःशस्त्र करण्याचा स्वतंत्र कायदा आला. १९२८ च्या कायद्याने हे सरसकट बंधन उठवून परवान्याची पद्धत आणली, ज्यात बंदूक विकत घेण्याचा परवाना वेगळा आणि ती जवळ बाळगून हिंडण्याचा वेगळा. डिसेंबर १९३१ मध्ये, राजकीय खून वाढल्यावर, एका आणीबाणीच्या हुकमान्वये ठिकठिकाणच्या प्रशासनाला शस्त्रनोंदणी सक्तीची करण्याचा अधिकार मिळाला. हे सारे वायमार प्रजासत्ताकाने, म्हणजे हिटलरपूर्वीच्या लोकशाही जर्मनीने केले आणि त्यामागचा हेतू जुलमाचा नव्हता. मात्र ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला तेव्हा त्या नोंदवह्या पोलिसांच्या कपाटात तयार होत्या, हेही तितकेच खरे.

आता नाझींचा स्वतःचा कायदा पाहू. १८ मार्च १९३८ चा हा कायदा बहुसंख्य जर्मनांसाठी आधीपेक्षा सैल होता. रायफली, शिकारी बंदुका आणि काडतुसे विकत घेण्यासाठी परवान्याची गरज उरली नाही. ती केवळ पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपुरती राहिली. खरेदीसाठी किमान वय विसावरून अठरावर आले. बाळगण्याचा परवाना एका वर्षाऐवजी तीन वर्षे चालू लागला. शिकारीचा परवाना असलेल्यांना आणि नाझी पक्षाच्या ठरावीक पदाधिकाऱ्यांना विशेष सवलती मिळाल्या. ज्यूंना मात्र याच कायद्याने शस्त्रे बनवण्याच्या आणि विकण्याच्या धंद्यातून बाहेर काढले. मग ९ आणि १० नोव्हेंबरच्या रात्री ज्यूंची दुकाने, घरे आणि प्रार्थनास्थळे फोडली गेली, आणि लगेच ११ नोव्हेंबरला गृहमंत्री फ्रिक यांच्या सहीने वेगळा हुकूम निघाला: ज्यूंनी बंदुका, काडतुसे, इतकेच नव्हे तर भोसकण्या-कापण्याची हत्यारेही बाळगू नयेत.

शस्त्रनियंत्रणाच्या समर्थकांनी इथे घाईघाईने पुढे जाऊ नये. आल्फ्रेड फ्लाटो या जर्मन ज्यू कसरतपटूने १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये समांतर बारवर विजेतेपद मिळवले होते. १९३२ मध्ये वायमारच्या कायद्याला अनुसरून त्यांनी आपल्याजवळच्या तीन छोट्या बंदुकांची पोलिसांत नोंद केली. सहा वर्षांनी, ऑक्टोबर १९३८ मध्ये, त्याच नोंदीच्या आधारे त्यांना अटक झाली. तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. १९४२ च्या डिसेंबरात तेरेजिएनश्टाटच्या नाझी छावणीत त्यांचा अंत झाला. त्यांच्या अटकेनंतर महिन्याभराने, नोव्हेंबर १९३८ मध्ये, बर्लिनच्या पोलीसप्रमुखाने ज्यूंकडून जमा झालेल्या हत्यारांचा आकडा जाहीर केला: २,५६९ धारदार हत्यारे, १,७०२ बंदुका आणि सुमारे २० हजार काडतुसे. प्रामाणिक नागरिकाने सद्भावनेने केलेली नोंद पुढच्या राजवटीच्या हाती त्याच्याविरुद्ध कशी वापरली जाते, याचे हे कागदोपत्री उदाहरण आहे, आणि नोंदणीबद्दल धास्ती बाळगणाऱ्याला वेडगळ ठरवणाऱ्यांनी ते वाचायला हवे.

पण म्हणून ‘ज्यूंकडे बंदुका असत्या तर’ हा तर्क टिकत नाही. १९३३ मध्ये जर्मनीत ज्यूंची संख्या सुमारे पाच लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होती. शेजारच्या पोलंडचे जवळजवळ दहा लाखांचे सैन्य, तोफा आणि विमाने असूनही, सप्टेंबर १९३९ मध्ये सुमारे पाच आठवड्यांत कोसळले. पोलंडच्या राजधानीतील वॉर्सा घेट्टोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, तरुणांनी १९ एप्रिल १९४३ रोजी मूठभर पिस्तुले, हातबॉम्ब आणि पेट्रोलच्या बाटल्यांनिशी उठाव केला आणि जवळजवळ चार आठवडे जर्मनांना झुंजवले. जर्मन सेनानी श्ट्रूपने आपल्या अहवालात पकडलेल्या आणि मारलेल्या ज्यूंचा आकडा ५६,०६५ दिला आणि आपली मेलेली माणसे वीसाच्या आत दाखवली. त्याने ती कमी दाखवली असतील, पण त्याने निष्कर्ष बदलत नाही. (त्या तरुणांचे शौर्य दुसऱ्या एका देशातल्या वादात बंदुकांच्या बाजूचा मुद्दा म्हणून वापरलेले पाहिले, की मला व्यक्तिशः कसेसेच होते. आपण जगणार नाही हे त्यांना ठाऊक होते; मरण कसे यावे, एवढेच त्यांच्या हाती उरले होते.)

माझ्या मते, या इतिहासातील कळीची घटना १९३८ मध्ये नाही, फेब्रुवारी १९३३ मध्ये आहे. त्या महिन्यात प्रशिया या जर्मनीतील सर्वांत मोठ्या राज्यात एसए व एसएस ही नाझींची निमलष्करी दले आणि श्टालहेल्म ही माजी सैनिकांची उजवी संघटना यांतील सुमारे पन्नास हजार माणसांना साहाय्यक पोलीस म्हणून नेमले गेले. म्हणजे कालपर्यंत रस्त्यावर मारामाऱ्या करणाऱ्यांच्या दंडाला पांढरी पट्टी बांधली गेली आणि त्यांच्या शस्त्राला सरकारी मान्यता मिळाली. संसदेच्या इमारतीला आग लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, व्यक्तिस्वातंत्र्य आणि घराची अभेद्यता यांची घटनात्मक हमी स्थगित झाली. १९३६ मध्ये गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, आदेशांविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात दाद मागण्याची सोयही काढून घेतली गेली. फ्लाटो यांच्या दारात पोलीस आले तेव्हा त्यांच्याकडे तीन पिस्तुले होती की नव्हती, यापेक्षा त्यांची बाजू ऐकून घेणारे न्यायालय उरले नव्हते, ही गोष्ट अधिक निर्णायक होती. हुकूमशाहीने आधी आपल्या माणसांना शस्त्रे दिली, मग कोर्टाचे दार बंद केले आणि इतरांची हत्यारे सर्वांत शेवटी काढून घेतली. हा क्रम लक्षात घेतला तर ‘बंदुका काढल्या आणि हुकूमशाही आली’ हे वाक्य उलटे आहे, हे कळते.

इतर राजवटींतही हाच साचा दिसतो. रशियात बोल्शेविकांनी १० डिसेंबर १९१८ च्या हुकमाने जनतेला शस्त्रे जमा करायला लावली. कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यांना मात्र एक रायफल आणि एक रिव्हॉल्व्हर ठेवण्याची मुभा होती. व्हेनेझुएलात २०१२ पासून नागरिकांना बंदुकांची विक्री बंद झाली, पण सत्ताधाऱ्यांच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्या तशाच राहिल्या, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष मादुरो यांनी मिलिशियाची, म्हणजे नागरिकांच्या सशस्त्र दलाची, संख्या पाच लाखांवर नेऊन प्रत्येकाच्या हाती बंदूक देण्याची घोषणा केली. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्रकायद्याचेही तेच: हिंदी माणसाला परवाना, युरोपियनाला सूट. गांधीजींनी हा कायदा इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणला होता आणि त्यांचे ते वाक्य आज अमेरिकेतील बंदूकसमर्थक हौसेने उद्धृत करतात. ते १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकातले होते, आणि सरकारला युद्धात मदत केली तर अविश्वास जाऊन ही बंदी उठेल असे त्याच पत्रकात पुढे म्हटले होते, हे मात्र कोणी सांगत नाही. दुसऱ्या बाजूला सद्दाम हुसेनच्या इराकमध्ये घरोघरी बंदुका होत्या. २००३ मध्ये तिथे आलेल्या परकीय प्रशासनानेही प्रत्येक कुटुंबाला घरात एक रायफल ठेवू दिली, इतकी ती गोष्ट सर्वसामान्य होती. त्या बंदुकांनी सद्दामची चोवीस वर्षांची सत्ता हलली नाही.

याउलट, कडक कायदा करूनही लोकशाही शाबूत राहिल्याची उदाहरणे ताजी आहेत. २८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे एका माणसाने ३५ जणांचा बळी घेतला. त्यानंतर ऑस्ट्रेलियाने स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंधने घालून सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. पंतप्रधान जॉन हॉवर्ड हे पुराणमतवादी पक्षाचे. संतापलेल्या बंदूकधारकांच्या सभेपुढे बोलताना त्यांनी कोटाच्या आत चिलखती जाकीट घातले होते, आणि त्याचा उंचवटा छायाचित्रांतही दिसला. या हॉवर्डना २००७ च्या निवडणुकीत लोकांनी मतपेटीतून घरी पाठवले, त्यांची स्वतःची जागासुद्धा गेली. न्यूझीलंडने २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जण मारले गेल्यावर असाच कायदा केला. तिथले सरकारही २०२३ मध्ये मतदानानेच बदलले.

अमेरिकेत १९८६ च्या एका कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही तयार करण्यास मनाई आहे. तेव्हा गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढायचा तर वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्गच्या केंद्रात बंद पडलेल्या दुकानांच्या जुन्या पावत्या चाळाव्या लागतात, आणि मालकाच्या नावाने शोध घेता येत नाही. फ्लाटोंची आठवण ठेवली तर ही भीती मला समजते. पण त्याच देशात १८६५ मध्ये मिसिसिपीने नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी केली होती, आणि १९६७ मध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे कार्यकर्ते बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले, तेव्हा उघडपणे भरलेली बंदूक घेऊन हिंडण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली होती. हिटलरचे नाव घेणारे या दोन गोष्टी क्वचितच काढतात, जरी नियम कोणासाठी आणि सूट कोणाला हा प्रश्न तिथे त्यांच्याच घरात उभा आहे.

म्हणून आपल्यास एकच विनंती आहे. यापुढे या विषयावरील लेखात जर्मनीचा दाखला आला, तर लेखकाला १९३८ च्या कायद्यातील सवलतींची कलमेही देण्यास सांगावे, कोणासाठी वयाची अट कमी केली आणि कोणाला परवान्याच्या अटीतून सूट दिली, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आणि परवाना नाकारला गेलेल्या माणसाला त्या वर्षी कोणत्या न्यायालयात जाता येत होते, तेही विचारावे.

आपला,
एक नियमित वाचक