खाजेच्या मलमातलं स्टेरॉइड आणि डोळा

महोदय,

गेल्या वर्षी खतावणी तपासताना उजव्या डोळ्याला उभ्या रेघा मध्येच वाकलेल्या दिसू लागल्या, आकड्यांवर करडा डाग बसला. दुखत नव्हतं, लालीही नव्हती. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून मी तीन आठवडे घालवले. ओसीटी तपासणीत (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या स्कॅनमध्ये) कळलं, की पडद्याखाली पाणी साचलंय. आजाराचं नाव ‘सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपथी’. डॉक्टरांनी आधी विचारलं, ‘स्टेरॉइड घेता का?’ मी नाही म्हणालो. मग आठवलं, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं खाजेचं मलम सहा महिने चोळत होतो.

हा आजार बहुधा २० ते ५० वयाच्या पुरुषांना गाठतो. बहुतेकांचं पाणी ३-४ महिन्यांत आपोआप ओसरतं, माझंही ओसरलं. पण रेंगाळलं किंवा पुन्हा पुन्हा साचलं तर नजर कायमची अधू होऊ शकते. स्टेरॉइड गोळीतून, इंजेक्शनातून, इन्हेलरमधून किंवा मलमातून गेलं तरी धोका संभवतो. (दमेकऱ्यांनी मात्र डॉक्टरांना न विचारता इन्हेलर बंद करू नये.)

अन्न व औषध प्रशासनाने ही चिठ्ठीशिवायची विक्री थांबवावी. आणि ट्यूबवर ‘स्टेरॉइड’ हा शब्द मराठीत, ठळक छापला जावा. माझ्या ट्यूबवरची अक्षरं चांगल्या डोळ्यालाही भिंगाशिवाय लागत नाहीत.

– एक वाचक, सांगली