अण्णा, तुम्ही न घातलेल्या पाट्याबद्दल

प्रिय अण्णा,

साष्टांग नमस्कार. तुमचं नाव आणि दुकानाची पाटी कुठे लिहायची नाही, हे तुम्ही निघताना दोनदा बजावलंत. त्यामुळे हे पत्र नुसतं अण्णांना. सोलापुरात हैदराबाद रस्त्याला, मार्केट यार्डाच्या पुढे, ट्रकांच्या रांगेत पाट्यांचं, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचं काम करत ज्यांनी आमची घरासारखी बांधून घेतलेली गाडी दोन दिवस उभी करून घेतली, त्यांना आपोआप कळेल.

तुम्हाला आठवत असेल, आम्ही आलो ते ऑर्डर द्यायच्या थाटात. सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा चालू होती, शहरात गर्दी होती आणि आमच्या ह्यांचा पारा चढलेला. साताऱ्याहून पंढरपूर, मग मंगळवेढा करून येताना गाडीनं जीव नकोसा केला होता. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारत होता. ह्यांना वाटायचं, लोकांना शिस्त उरली नाही. मागच्या पलंगावर आमच्या सासूबाई, वय ८१. प्रत्येक गतिरोधकाला त्या वर उडायच्या आणि खाली येताना पांडुरंगाचं नाव घ्यायच्या. खालून ‘धाड’ असा आवाज यायचा. मोठी बस शेजारून गेली की गाडी एकदा तिच्याकडे ओढली जायची, एकदा बाहेर फेकली जायची. एक गोष्ट तेवढी छान होती असं आम्ही समजत होतो: स्टेअरिंग लोण्यासारखं हलकं झालं होतं.

म्हणून ह्यांनी उतरल्या उतरल्या सांगितलं, “मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवा. संध्याकाळपर्यंत द्या, आम्हाला विजापूरला जायचंय.”

तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारलीत, खाली वाकलात, आणि म्हणालात, “गाडी मागं बसूलाली, पुढं उठूलाली. ह्याला पाटा कशाला?”

मला तेव्हा तुमचा रागच आला होता, खोटं कशाला बोलू. आमच्या गावातल्या एका गॅरेजवाल्यानं सहा महिन्यांपूर्वी हेच दुखणं बघून एकेक पाटा वाढवून दिला होता. त्यानं काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही. गाडी दोन बोटं उचलली गेली, आम्ही खूश. पुढच्या खड्ड्याला कळलं की आता ती नुसती बसत नाही, लाथही मारते. तरी आमचा उपाय ठरलेला: एकानं भागलं नाही ना, मग दुसरा.

तुम्ही सांगितलेलं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. “अक्का, पाटा घातला की मागची उंची वाढंल, लाइट खाली येईल, तुम्हाला वाटंल बरं झालं. पण काट्यावरचा आकडा एक किलोनं हलत नाही.” आणि मग पोराला हाक मारून, “ए, यांना काटा दाखव बे.”

मी बँकेत बत्तीस वर्षं खातेवही सांभाळली. आकडा म्हटलं की मी ऐकते. ह्यांचं तसं नाही. हे ऊसवाल्याचे चिरंजीव, काटा म्हटलं की यांना काटा मारणंच आठवतं. “लोखंडाच्या पत्र्यावर उभं राहून काय कळणार?” असं पुटपुटत गेले. तुमच्या पोरानं मात्र आम्हाला तीनदा वजन करायला लावलं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग सगळी गाडी, मग फक्त मागची. त्यावर अजून एकदा, गाडी आडवी सरकवून, एका बाजूची चाकं काट्यावर आणि दुसऱ्या बाजूची बाहेर. काटेवाला वैतागला. त्याला तुमचं नाव सांगितल्यावर गप्प झाला.

पुढे ११२० किलो. मागे २६००. एकूण ३७२०, जे कागदावरच्या मर्यादेच्या आत होतं. आम्ही आजवर फक्त तेवढंच बघत आलो होतो. पण गाडीच्या चौकटीवरच्या पत्र्यावर मागच्या ॲक्सलची, म्हणजे मागच्या चाकांच्या दांड्याची, वेगळी मर्यादा कोरलेली होती, ती २४५०. म्हणजे बेरीज बरोबर आणि एक खातं दीडशेनं उणे. बँकेत असतं तर मी रात्री घरी गेले नसते.

तुम्ही मग पहार आणलीत. एका तुटक्या पाट्याच्या तुकड्यावर ती आडवी ठेवलीत आणि शेपटाकडून पायानं दाबलीत. पुढचं टोक उठलं. “हे टोक म्हणजे साहेबांचं स्टेअरिंग. हलकं झालंय म्हणून खूश होते ना?” ह्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पुढच्या चाकांनी रस्ता धरायचाच सोडला होता. वळणं आणि ब्रेक दोन्ही आम्ही उधारीवर मारत होतो. आणि ते ट्रकवाले बिचारे बरोबर होते. मागची बाजू बसली की हेडलाइट आभाळाकडे बघतात, समोरच्याचे डोळे दिपतात.

रात्री गाडीतच बसून मी हिशेब केला. पाण्याची टाकी २०० लिटरची, म्हणजे भरली की २०० किलो. ती मागच्या पलंगाखाली, मागच्या चाकांच्या रेषेच्याही १.२ मीटर मागे. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३.७ मीटर. २०० गुणिले १.२, भागिले ३.७: पासष्ट किलो. हे पासष्ट पुढच्या चाकांवरून उचलले जातात आणि मागच्यांच्या खात्यात पडतात. २०० किलोचं पाणी मागच्या ॲक्सलला २६५ ला पडत होतं. मुद्दल दोनशे, व्याज पासष्ट, आणि व्याज भरणार पुढची चाकं. असलं कर्ज मी कुणाला मंजूर केलं नसतं.

ज्यांनी आम्हाला गाडी आतून बांधून दिली, त्यांचं सुतारकाम देखणं आहे. दारांना मऊ बिजागऱ्या, वर फुलांची नक्षी. पण त्यांनी घराचं फर्निचर गाडीत बसवलं. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडची आठ बाय चारची एक शीट तीस-पस्तीस किलोची असते, आणि आमच्याकडे अशा किती आहेत ते मोजायचं धाडस मी अजून केलेलं नाही. ओटा, फ्रीज, गॅस, बॅटऱ्या सगळं उजवीकडे, कारण नळी आणि वायरी तिकडून सोप्या पडल्या. म्हणून उजवी बाजू २०१० आणि डावी १७१०. तीनशे किलोंचा फरक! गाडी उभी असतानाही भात उजवीकडे सांडायचा, आणि मी जमिनीला दोष द्यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही जे केलंत ते आजवर एकाही मिस्त्रीनं केलं नव्हतं. ह्यांना गाडी चालवायला सांगून स्वतः मागच्या पलंगावर जाऊन बसलात, आईंच्या जागेवर. बोरामणीपर्यंत जाऊन आलो. आधीचे सगळे ड्रायव्हरशेजारी बसून “ठीक आहे की” म्हणायचे. तुमची टोपी दोनदा वरच्या कपाटाला लागली आणि उतरून तुम्ही आधी आईंच्या पाया पडलात. “अव्वा, तुम्ही इथं बसून पंढरपूरहून आलाव?” एस.टी.च्या शेवटच्या बाकड्यावर बसलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे, तरी आम्ही घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला नेमकं तिथं बसवलं होतं, झोपायला सोयीचं म्हणून.

त्यानंतर तुम्ही गाडीतलं सामान उतरवायला लावलंत, आणि मागच्या डिकीतून आईंचा पाटा-वरवंटा निघाला. तुमचा पोरगा जे हसलाय! पाटेवाल्याच्या दारात पाटा. बावीस किलो भरला. आईंना मिक्सरची चटणी चालत नाही, आणि तो त्यांच्या आईचा आहे, तेव्हा तो घरी ठेवायचा विषयच नव्हता. मी भांडायच्या तयारीत होते. तुम्ही म्हणालात, “राहू द्या की. फक्त पुढच्या सीटखाली ठेवा.” गाडीतून काही टाकून द्यायला तुम्ही एकदाच सांगितलंत, ते जनरेटर. ४५ किलोचा. छतावर सोलर आहे, खाली बॅटऱ्या आहेत, आणि जनरेटर आम्ही दोन वर्षांत एकदाही चालू केला नव्हता. तो तुमच्याकडेच ठेवलाय. कुणाला हवा असेल तर द्या.

टाकी शेजारच्या फॅब्रिकेटरनं मागून काढून जेवणाच्या बाकाखाली घेतली, मागच्या चाकांच्या एक मीटर पुढे. तेच २०० किलो आता मागे १४६ आणि पुढे ५४ असं वाटलं जातं. पट्ट्या ठोकून घट्ट आवळली, आत आडव्या फळ्या असलेली टाकी आहे हे बघून घेतलंत, अर्धी भरली तरी पाणी हिंदकळू नये म्हणून. वर टोमणा मारलात, तो खास सोलापुरी: “आमच्या गावात पाणी काही दिवसांआड येतंय, तरी आम्ही एवढं घेऊन हिंडत नाही.” तेव्हापासून आम्ही अर्धीच भरतो. दोन बॅटऱ्या उजवीकडून डावीकडे गेल्या. आईंची बैठक मधल्या भागात, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आली.

तुमचं स्वतःचं काम केवढं होतं? शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चौकटीला जोडणाऱ्या कडीचे, बुश झिजून अंड्यासारखे झाले होते, ते बदललेत. मागचा एक शॉकअप तेल गाळत होता. आम्ही एकच बदला म्हणालो, तुम्ही जोडीनंच बदललात. ‘पाटा ओझं वाहतो, शॉकअप उडी आवरतो, एकाचं काम दुसऱ्याला सांगायचं नाही’ हे तिथंच कळलं. ‘धाड’ आवाज ॲक्सल वरच्या रबरावर आपटल्याचा होता. पाट्यांमधला गंज घासून ग्रीस भरलंत. मागच्या जोडचाकांपैकी आतल्या टायरात हवा जेमतेम निम्मी निघाली, कारण आतला वॉल्व्ह हाताला लागत नाही म्हणून पंपावरचे पोरगे बाहेरचा भरून मोकळे होतात. आणि पुढच्या टायरांत मागच्याइतकीच ठासून भरलेली, त्यावर वजन असो नसो. हवा अंदाजानं ठेवू नका, टायर कंपनीचा वजन-हवेचा तक्ता असतो, गार टायरला बघा, उन्हातून आल्यावर नाही, असं सांगितलंत. जानेवारीत ठीक आहे, सोलापूरच्या मे महिन्यात रस्त्यावरून आलेला टायर काय आकडा दाखवेल!

गावच्या गॅरेजवाल्यानं वाढवलेला पाटा काढून टाकाल असं मला वाटलं होतं. “आहे तो राहू दे, गाडी तशी जडच आहे,” म्हणालात. म्हणजे तुमचा पाट्याला विरोध नव्हता, आणि हे मला जास्त आवडलं.

पुन्हा काट्यावर गेलो. पुढे १२९०, मागे २३९०. उजवी १९३०, डावी १७५०, पूर्ण बरोबर नाही, पण भात आता जागेवर राहतो. ४५ किलोचा जनरेटर उतरवून एकूण ४० च कमी झाले, ते पाच कुठे गेले म्हणून मी काटेवाल्याला विचारलं. काटा दहा-दहाच्या पायरीनं बोलतो, असं त्यानं शांतपणे सांगितलं. ह्यांनी डोक्याला हात लावला.

संध्याकाळी चहा पिताना तुम्ही तरुणपणी सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाची काठी पेलल्याचं सांगितलंत. सात नंदीध्वज, आणि महिनाभर आधीपासून सराव. “काठी जड असतीच. पण जड म्हणून कुणी पडत नाही. झुकली की पडतो.” तुम्ही ते गाडीबद्दल म्हणाला नव्हतात, काठीबद्दलच बोलत होतात, पण मी खाली वाकून पुन्हा एकदा टाकी बघून आले.

पैशांचं लिहिते, कारण तुम्ही तेव्हा बोलू दिलं नाहीत. बुश, शॉकअप, मजुरी एवढंच बिल झालं. पाटे घातले असते तर त्याहून जास्त झालं असतं, आणि आम्ही आनंदानं दिलं असतं, आणि आमच्या पुढच्या गावी कुणाच्या तरी दारात पुन्हा उभे राहिलो असतो. कंदी पेढ्यांचा पुडा तुम्ही घेतलात तो पोरांना वाटून टाकलात. उलट तुमच्या घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली. आई त्या चटणीवर अजून बोलतात.

विजापूर रद्द करून आम्ही आधी तुळजापूरला गेलो, आईंचीच इच्छा. घाटात ह्यांनी गाडी नेहमीपेक्षा सावकाश घेतली, सवयीनं. स्टेअरिंग जड लागतंय, अशी तक्रार केली. मी म्हटलं, लागू दे. वर पोचेपर्यंत अंधार पडला होता आणि समोरून एकानंही डिपर मारला नाही. मागे वळून बघितलं तर आई बसल्या जागी झोपल्या होत्या.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाचशे किलोमीटरला पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून घेतले. दोन अर्धा-अर्धा आटा फिरले. बाकीचे जागेवर आहेत.

सोबत एक बरणी पाठवतेय. लसूण-खोबऱ्याची चटणी आहे, आईंनी त्याच पाट्यावर वाटलीय. तिखट सातारी आहे, जपून. बरणी परत पाठवू नका, आम्ही मार्चमध्ये येतोच.

आपली,
काटेवाल्याशी पाच किलोंवरून भांडलेली अक्का
सातारा