बुटाचा नंबर कळव

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला. पैशांचा विषय पुन्हा काढायचा नाही, असं आईला कबूल केलंय. तू ठेवून गेलेली पॉल मरे यांची ‘द बी स्टिंग’ ही कादंबरी काल रात्री संपली. डिक्शनरी शेजारी घेऊन दीड महिना लागला. कसं वाटलं ते कळवा म्हणाली होतीस ना?

२००८च्या मंदीनंतर आयर्लंडमधल्या छोट्या गावात डिकी बार्न्सचं गाड्यांचं शोरूम बसत जातं. वडिलांनी उभा केलेला धंदा. बायको इमेल्डा घरातल्या वस्तू विकायला काढते. तिच्या भागात पूर्णविरामच नाहीत. आधी वैतागलो. मग आठवलं, पुरानंतर आई अशीच बोलायची, श्वास न घेता. डिकी मात्र घरात चकार शब्द न काढता रानात बंकर बांधत बसतो. त्याचा फार राग आला. मधला भाग लांबलाय, पण शेवटाने झोप उडवली.

अडकलो ते डिकीच्या मुलापाशी, पीजेपाशी. बारा वर्षांचं पोर. बूट लहान झालेत, पाय सोलवटलेत, पण घरात पैसे नाहीत म्हणून सांगत नाही. तिथे पुस्तक मिटून ठेवलं. २०१९च्या पुरात दुकानात छातीभर पाणी होतं, तेव्हा तू दहावीत. दिवाळीत तुझे शाळेचे बूट हातात आले. टाच ब्लेडने कापलेली, आत दादांच्या रुमालाची घडी. ‘असंच बरं वाटतं, बाबा,’ म्हणालीस. मीही पुढे विचारलं नाही.

तिकडे पावसात कामावर चालत जातेस. बुटात पाणी शिरत नाही ना? एक वेळचं जेवण टाळून भाडं भरू नये. अंगावर दुखणं काढू नये, अडचण वेळेवर सांगावी... बघ, पुन्हा सुरू झालो. चुकलं माझं. पहिल्या पगारातून आजीला शाल पाठवणाऱ्या मुलीला मी काय शिकवणार? ती शाल आजी उन्हाळ्यातही सोडत नाही, आल्यागेल्याला दाखवते.

दुकान गेल्या महिन्यात भाड्याने दिलं. परीक्षा होईपर्यंत तुला कळवायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. रविवारी तू ‘दुकान कसं चाललंय?’ विचारलंस आणि मी ओरडलो, ते त्यामुळे. कर्ज फिटलंय, काळजी नको.

आता तुझं खरं खरं लिही. नंबर पाचच ना? मिलिंदच्या सासूबाई पंधरा तारखेला निघतायत, त्यांच्याजवळ बूट देतो.

तुझे,
बाबा